शिडाच्या होडीवर सौर बिनतारी उपकरणं : डोलकाठीवर हवीत, तळाशी नकोत

सातपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांनी आणि त्यांच्या मेहुण्यांनी मिळून मुंबईहून बावीस फुटी जुनी फायबरची शिडाची होडी आणली. ती ट्रेलरवर असते. सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या फुगवट्यात सोडतात, आणि यंदा डिसेंबरात मुंबईला नेऊन बंदरातून मांडव्यापर्यंत जायचा बेत आहे. एका विक्रेत्याने वारा, खोली, वेग आणि होकायंत्र असा पूर्ण सौर बिनतारी संच दोन डिस्प्लेसह सुचवला आहे. किंमत लाखाच्या वर. त्यांचे प्रश्न असे : हा संच घ्यावा का, आपल्या पावसाळ्यात सोलर चालेल का, की सरळ वायरचं बसवावं?

माझं उत्तर : घ्या, पण संच घेऊ नका. डोलकाठीच्या टोकावरचा वारामापक बिनतारी घ्या. खोली मोजणारं यंत्र साधं वायरचं घ्या. वेगमापक निदान या वर्षी घेऊच नका. डिस्प्ले एक पुरे. आता असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो. पंचवीस वर्षं मुंबईत बोटींवर उपकरणं बसवण्यात आणि त्याहून जास्त वेळ बिघडलेली दुरुस्त करण्यात गेली. नाशिकला राहायला आल्यापासून गंगापूरच्या पाण्यावरही बरंच शिकलो.

आधी तारेचं दुःख समजून घ्या, म्हणजे बिनतारीची किंमत कळेल. वायरच्या वारामापकाची केबल डोलकाठीच्या पोटातून खाली येते आणि तळाशी एका जोडणीतून केबिनमध्ये शिरते. कायम पाण्यात उभ्या असलेल्या बोटीवर ही जोडणी वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. तुमची होडी ट्रेलरवरची. म्हणजे प्रत्येक रविवारी डोलकाठी उभी करायची, संध्याकाळी आडवी करायची, आणि दर वेळी ती जोडणी सोडायची-लावायची. पिना वाकतात, पाणी शिरतं, हिरवा गंज चढतो. मी जितके बंद पडलेले वारामापक पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा वरचा सेन्सर धडधाकट होता. मेलेली होती ती खालची जोडणी. ट्रेलरच्या होडीला बिनतारी वारामापक शोभतो तो याच कारणाने. टोकावरच्या खोबणीत युनिट सरकवलं, डोलकाठी उभी केली, झालं. कसारा घाट उतरताना ते युनिट काढून गादीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवता येतं, हा फायदा तर वेगळाच. आडव्या डोलकाठीच्या टोकाला लटकलेली वेन (वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं) घाटातल्या धक्क्यांत टिकत नाही.

डोलकाठीचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सगळ्या उपकरणांहून मोलाची आहे. धरणाच्या काठी शेतीपंपांसाठी विजेच्या तारा गेलेल्या असतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करण्यापूर्वी दोघांनीही वर बघायचं, आणि होडी पाण्यात ढकलण्याच्या वाटेवर तार आहे का ते चालत जाऊन पाहायचं. टोकावर नवं युनिट लावलं की उंची अर्ध्या-पाऊण फुटाने वाढते, हेही लक्षात ठेवा.

आता तळाकडे येऊ. बिनतारी या शब्दाने इथे फसगत होते. या उपकरणांच्या रेडिओलहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत. खोली मोजणारा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा सेन्सर) आणि वेग मोजणारं पाणचाक हे दोन्ही पाण्याखाली किंवा तळाला चिकटून असतात. ‘बिनतारी’ संचातही त्यांच्यापासून तार निघते, केबिनमधल्या एका पेटीत जाते, आणि तिथून पुढे डिस्प्लेपर्यंतचे दोन-तीन मीटर तेवढे बिनतारी होतात. त्या दोन-तीन मीटरसाठी तुम्ही भरमसाट पैसे मोजणार. ती पेटी तळाशी बसवली की आणखी एक घोळ : तिला ना ऊन मिळत, ना रेडिओला मोकळी वाट. मग तिला होडीच्या बॅटरीवर जोडावं लागतं. म्हणजे तार आलीच.

त्यापेक्षा साधा वायरचा खोलीमापक घ्या, जो २०० किलोहर्ट्झवर चालतो. होडीवर दिव्यांसाठी आणि व्हीएचएफसाठी (बोटींवरचा बोलण्याचा रेडिओ) बारा व्होल्टची बॅटरी असेलच. खोलीमापक अॅम्पिअरच्या दहाव्या-पंधराव्या भागाइतकं खातो. दिवसभर चालवला तरी दीड-दोन अॅम्पिअर-तास. आणि कृपा करून त्यासाठी तळाला भोक पाडू नका. तुमची होडी भरीव फायबरची असेल, मध्ये फोम किंवा लाकूड नसेल, तर ट्रान्सड्यूसर आतूनच चिकटवता येतो. आवाज फायबरमधून आरपार जातो. जागा योग्य आहे का हे पाहायची सोपी रीत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, तोंड घट्ट बांधून ती पिशवी आतून तळावर ठेवायची आणि ट्रान्सड्यूसर तिच्यावर दाबून धरायचा. आकडा स्थिर आला तर जागा पक्की. मग इपॉक्सीत बसवा, पण इपॉक्सीत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण हवेचा पातळ थरसुद्धा आवाज अडवतो. तळ कापला नाही की पाणी गळायची चिंता नाही, आणि गंगापूरच्या काठावर रात्री होडीत पाणी किती चढलं असेल या काळजीने झोप उडत नाही.

खोलीचा आकडा गोड्या आणि खाऱ्या पाण्यात किंचित वेगळा येतो. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, समुद्रात त्याहून दोन-तीन टक्के जलद. दहा मीटरला वीस-तीस सेंटिमीटरचा फरक. तो सोडून द्या. सोडून देऊ नये अशी गोष्ट म्हणजे ऑफसेट. यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतंय, ट्रान्सड्यूसरपासून, की कीलच्या (तळाखाली उतरणाऱ्या पात्याच्या) खालच्या टोकापासून, हे तुम्ही दोघांनी एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. एकाने एक समजावं आणि दुसऱ्याने दुसरं, यात कील आपटते.

गंगापूरला खोलीमापक कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. पावसाळ्यानंतर भरलेलं धरण आणि मे महिन्यातलं धरण हे दोन वेगळे जलाशय आहेत. पाणी उतरतं तसे बांध, झाडांचे खुंट, पंपांचे पाइप वर येतात, आणि ऑक्टोबरात ज्या वाटेने बिनदिक्कत गेलात ती मार्चमध्ये उरत नाही. खोलीमापक पुढचं पाहत नाही, तो फक्त खालचं सांगतो. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो किती झपाट्याने कमी होतोय याकडे लक्ष द्यायचं. दहा, आठ, पाच असा उतरू लागला की वळायचं, दोनची वाट पाहायची नाही.

आता वेगमापक का नको. पाणचाक हे नाजूक चाक, तळाखाली फिरणारं. नाशिककर गोदावरीतल्या पानवेलींना ओळखतात. त्यांचं एक मूळ चाकात अडकलं की वेग शून्य. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. धरणात प्रवाह जवळजवळ नसतो. म्हणजे जीपीएसने दाखवलेला जमिनीवरचा वेग आणि पाण्यातून चाललेला वेग एकच. तुमच्या खिशातला फोन तो फुकट दाखवतो. पाणचाकाची खरी गरज पडते ती भरती-ओहोटीच्या ओढीत, जिथे हे दोन वेग वेगळे होतात. मुंबई बंदरात ते वेगळे होतील. पण पहिल्या हंगामात तुम्ही मांडव्याला जाणार, शर्यतीत उतरणार नाही. तिथे तुम्हाला कळायला हवं ते जमिनीच्या हिशेबाने आपण कुठे चाललो आहोत, आणि ते जीपीएस सांगतो. (दरवाजे उघडून पाणी सोडलेलं असतं तेव्हा फुगवट्यातही ओढ असते. त्या दिवसांत होडी काढूच नका, तेव्हा हिशेबाचा प्रश्न उरत नाही.)

चुकीचा वेगमापक नुसता चुकीचा वेग दाखवून थांबत नाही, तो वाराही बिघडवतो. चालत्या होडीवर जाणवतो तो भासमान वारा. खरा वारा काढायचा तर त्यातून होडीचा स्वतःचा वेग वजा करावा लागतो, दिशेसकट. समजा टोकावरचा सेन्सर म्हणतोय दहा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), होडीच्या नाकापासून तीस अंशांवरून, आणि होडी चार नॉटांनी चालली आहे. दहा नॉटांतला समोरून येणारा भाग ८.७, त्यातून चार गेले, राहिले ४.७. आडवा भाग पाच. दोन्ही मिळून खरा वारा निघतो सुमारे ६.८ नॉट आणि ४७ अंश. आता पाणचाकात पानवेल अडकली आणि वेग शून्य झाला, तर तोच डिस्प्ले ठासून सांगेल, खरा वारा दहा नॉट, तीस अंशांवर. तुम्ही शीड लहान कराल आणि होडी चालत का नाही म्हणून चकित व्हाल. म्हणून असा डिस्प्ले घ्या, जो वेगासाठी जीपीएसचा आकडा स्वीकारतो. विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारा, बाकीचे नंतर.

आता सोलर. सौरऊर्जेवर चालणारी बिनतारी उपकरणं शिडाच्या होड्यांवर रुजवली ती प्रामुख्याने टॅकटिक या ब्रिटिश कंपनीने. २०११ मध्ये ती रेमरीनने घेतली. अलीकडे ब्लूटूथने फोनशी बोलणारे, फिरते भाग नसलेले अल्ट्रासॉनिक वारामापकही मिळतात, स्पेनच्या कॅलिप्सोचे त्यांतले बरेच वापरात आहेत. ही यंत्रं ज्या देशांत घडली तिथला सूर्य आपला नव्हे. इंग्लंडमध्ये सूर्य वर्षभर तिरका असतो. तिथे केबिनच्या उभ्या भिंतीवर लावलेल्या डिस्प्लेच्या पॅनेलवर ऊन समोरून पडतं. नाशिक वीस अक्षांशावर. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या वेळी उभ्या पॅनेलवर पडणारं थेट ऊन किती? जवळजवळ काहीच नाही. रखरखीत उन्हाळ्यात डिस्प्लेची बॅटरी का उतरते हे कोडं मला एका ओळखीच्या मालकाच्या होडीवर पडलं होतं. दुपारी बारा वाजता भिंतीला हात लावला तेव्हा उलगडलं : भिंत सावलीत होती. डिस्प्ले किंचित कलत्या फळीवर, तीस-चाळीस अंश आकाशाकडे तोंड करून बसवा. वर्षभर चांगलं ऊन मिळेल.

टोकावरच्या युनिटचं पॅनेल आकाशाकडेच असतं, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. तिथला हिशेब मी असा मांडतो. समजा पॅनेल वीस चौरस सेंटिमीटरचं आहे. कडक उन्हात दर चौरस मीटरला सुमारे हजार वॉट पडतात, म्हणजे या तुकड्यावर दोन वॉट. त्यातले पंधरा टक्के विजेत उतरले तर ०.३ वॉट. चांगल्या दिवशी असे पाच तास धरले तर दीड वॉट-तास. उलट बाजूला, असं युनिट सेकंदाला एखादा छोटा संदेश पाठवतं आणि बाकी वेळ झोपलेलं असतं. सरासरी सात मिलिवॉट धरा, दिवसाचे ०.१७ वॉट-तास. म्हणजे उन्हात खर्चाच्या आठ-नऊ पट जमा. जुलैत ढग दाटले, उजेड दहाव्या भागावर आला, तरी ०.१५ वॉट-तास मिळतात. जमाखर्च जेमतेम जुळतो. तेव्हा पावसाळ्यातल्या तुमच्या काळजीला उत्तर असं : चालेल, जर युनिट उघड्यावर असेल तर. तुमचं ते नसणार. तुमची होडी ताडपत्रीखाली असणार.

इथेच बहुतेक लोक यंत्र मारतात. काही उत्पादक पूर्ण चार्जवर सुमारे ३०० तास चालण्याचा दावा करतात. ३०० तास म्हणजे साडेबारा दिवस. रविवारी संध्याकाळी डिस्प्ले बंद करायला विसरलात, वर ताडपत्री ओढलीत, आणि पुढचे दोन रविवार पावसात गेले, तर तिसऱ्या रविवारी बॅटरी पूर्ण रिकामी. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण रिकामं पडून राहणं सोसत नाही. दोन-तीनदा असं झालं की ती पुन्हा उभी राहत नाही. म्हणून घरी जाताना टोकावरचं युनिट आणि डिस्प्ले दोन्ही काढा, बंद करा, आणि घरात खिडकीपाशी ठेवा. थेट उन्हात ठेवू नका, उजेडात ठेवा.

उन्हाळ्यात याच्या उलट धोका. बंद केबिनमध्ये मे महिन्यात साठ अंश सहज होतात, बंद मोटारीत होतात तसे. लिथियम बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज होऊ नये. भरलेल्या अवस्थेत तापत पडली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, फुगतेही. मी डिस्प्ले उघडल्यावर फुगलेल्या बॅटरीने मागचं झाकण ढकललेलं पाहिलं आहे. त्या फटीतून पहिल्या पावसात पाणी शिरलं आणि सगळंच गेलं. विकत घेताना विचारा की बॅटरी मालकाला बदलता येते का, आणि सुटी मिळते का. सील केलेलं, उघडता न येणारं युनिट चार-पाच वर्षांनी पूर्णच फेकावं लागतं. आपल्याकडे सुटे भाग आयात होऊन यायला महिने लागतात, तेव्हा हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा.

अमेरिकेतला भाचा स्वस्तात आणतो म्हणाला तर नको म्हणा. कारण रेडिओ. ही उपकरणं वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या लहरींवर बनतात : युरोपची साधारण ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, अमेरिकेची ९१५ च्या आसपास. भारतात परवान्याशिवाय वापरायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, आणि ब्लूटूथ-वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा. ८९० ते ९१५ हा मोबाइल फोनचा पट्टा. अमेरिकेचा संच त्याच्या अगदी कडेवर बोलतो. युरोपचा संचही नक्की कोणत्या आकड्यावर आहे ते पाहायला हवं, ८६८ च्या जरा वर गेला की तो आपल्या मोकळ्या पट्ट्याबाहेर. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता मागा. तुमच्यासारख्या छोट्या होडीसाठी ब्लूटूथचा वारामापक सोपा पडतो : डोलकाठी नऊ मीटरची, तेवढ्या अंतरावर तो व्यवस्थित पोचतो, आणि कायद्याचा प्रश्न सुटतो.

कपाचा की अल्ट्रासॉनिक? कप आणि वेन दुरूनच दिसतात, बिघडले तर डोळ्यांनी कळतं. पण पक्षी बसतात. गंगापूरला पाणकावळे आणि बगळे भरपूर, आणि डोलकाठीचं टोक ही त्यांना सगळ्यात आवडती जागा. एका बैठकीत वेन वाकलेली मी पाहिली आहे. अल्ट्रासॉनिकमध्ये फिरतं काही नाही, पण सेन्सरांच्या मधल्या फटीत कोळ्याने जाळं विणलं किंवा पाऊस कोसळला की आकडे वेडेवाकडे येतात. तुम्ही पावसात होडी काढणार नाही असं धरून मी अल्ट्रासॉनिक सुचवतो. पॅनेलवरची विष्ठा आणि धूळ गोड्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसायची. ॲसिटोन किंवा थिनर लावलात तर प्लास्टिक धुरकट होतं आणि मग ऊन असूनही चार्ज होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र लावलं की ते खरं बोलतं असं नसतं. मी स्वतः एक अख्खा हंगाम वाया घालवला आहे. डोलकाठी पुन्हा उभी करताना टोकावरचं युनिट काही अंश फिरलं होतं. एका बाजूच्या टॅकवर (म्हणजे वारा त्या कुशीवर घेऊन) होडी छान चालायची, दुसऱ्या बाजूला मेल्यासारखी. मी शीड बदललं, दोर बदलले, कील घासून काढली. दोष वर होता, नऊ मीटर उंच. डिस्प्ले सांगत होता तसा मी सुकाणू धरत होतो, आणि एका बाजूला वाऱ्याच्या फार जवळ जात होतो.

याचा उपाय गंगापूरला फार सुंदर होतो, कारण पहाटे तिथे पाणी आरशासारखं असतं. सूर्य उगवायच्या सुमारास वारा नसताना होडी काढा. शिडं गुंडाळलेली. मोटरवर, जीपीएसवर बरोबर चार नॉट ठेवून, सरळ चाला. निर्वात हवेत वारामापकाने काय दाखवायला हवं? चार नॉट, अगदी समोरून, शून्य अंश. सात अंश दाखवला तर युनिट सात अंश फिरलेलं आहे. पाच नॉट दाखवले तर वेगाची दुरुस्ती करायची. झुळूक असेलच, म्हणून उलट फिरून त्याच रेषेवर परत या आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. समोरची झुळूक एका वेळी मिळवली जाते, दुसऱ्या वेळी वजा होते, आणि नाहीशी होते. अर्ध्या तासात दिशा आणि वेग दोन्ही पक्के. समुद्रावर अशी पहाट शोधायला मला आठवडे लागायचे.

दुपारी वारा आला की दुसरी परीक्षा. वाऱ्याला जितकं जवळ जाता येईल तितकं एका टॅकवर जा, होडी चांगली चालू लागली की भासमान कोन लिहा. मग टॅक बदलून तेच. एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला २८ आला तर चूक तीन अंशांची, कोन दोन्हीकडे ३१ असायला हवा. एकदाच करू नका, पाच-सहा जोड्या घ्या, कारण त्र्यंबकेश्वराकडच्या डोंगरांवरून येणारा वारा फुगवट्यात सरळ येत नाही. तो घड्या घालत येतो, आणि एका जोडीत तुम्ही यंत्राची चूक मोजता आहात की वाऱ्याची घडी हे कळत नाही. डोलकाठी ज्या ज्या दिवशी उभी कराल त्या दिवशी निदान दोन जोड्या तरी मोजा.

होकायंत्राचा सेन्सर संचातून वगळा, पण चुंबकी होकायंत्र हवंच, द्रवात तरंगणारं, विजेशिवाय चालणारं. आपल्या भागात खऱ्या आणि चुंबकी उत्तरेतला फरक एका अंशाहूनही कमी, त्यामुळे आकडेमोड नाही. पुढे कधी इलेक्ट्रॉनिक होकायंत्र घेतलंत तर ते जुळवायला होडी स्थिर पाण्यात हळूहळू पूर्ण गोल फिरवावी लागते, एका फेरीला निदान तीन मिनिटं. हे काठापासून दूर, मध्यावर करा. आपला काळा पाषाण स्वतःच थोडा चुंबकी असतो, आणि ट्रेलर, मोटारी, पंप हे सगळं लोखंड काठावरच असतं. होडीवरही फोन, लाउडस्पीकर आणि नांगराची साखळी होकायंत्रापासून हातभर दूर.

उपकरणांशिवाय काय होतं, याचं उत्तर इतिहासात आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ या बोटीवर, आणि ती बोट मुंबईत बांधलेली सागवानी बोट होती. त्यांच्या डोलकाठीवर असलं काही नव्हतं. कमांडर अभिलाष टॉमी यांनी जुन्याच पद्धतीच्या साधनांवर चालणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, २०२३ मध्ये. म्हणून शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे बांधा, डोलकाठीच्या आधाराच्या दोरांनाही बांधा. डिस्प्ले आणि धागा यांचं जमत नसेल तर धाग्यावर विश्वास ठेवा. बॅटरी संपली तरी तो बोलतच राहतो.

मुंबईबद्दल थोडं. डिसेंबरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा, आणि मध्ये तासभर दोन्हींची ओढाताण. जाताना आणि येताना हिशेब वेगळा. गंगापूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, तिथली हवा पाच-सहा टक्के विरळ. तेवढ्याच नॉटांना बंदरात शीड जरा जास्त ओढतं. आकड्यात तो फरक अर्ध्या नॉटाचा, पण वर लाटा असतात आणि ओढ असते, म्हणून रीफ घ्यायचा (शीड लहान करायचा) आकडा धरणापेक्षा दोन-तीन नॉटांनी आधी ठेवा. उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. खोलीमापकाचा आकडा, नकाशावरची खोली आणि त्या वेळची भरती हे तिन्ही एकत्र वाचायचे, आणि नकाशा देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचाच. बंदरातून कंटेनरची जहाजं जातात. तुमच्या संचातलं एकही उपकरण ती तुम्हाला दाखवत नाही. एक जण सुकाणूवर, दुसऱ्याने नजर बाहेर. डिस्प्लेकडे दोघांनी एकाच वेळी बघायचं नाही, हा नियम गंगापूरलाच अंगवळणी पाडा.

लहानसं पण उपयोगाचं : पोलरॉइड गॉगल घालून काही डिस्प्ले एका कोनातून काळे दिसतात. विकत घेण्यापूर्वी गॉगल घालून, मान दोन्ही बाजूंना कलती करून बघा.

आणि गंगापूरचं पाणी नाशिक पितं. बंदरात चालणारा तांब्याचा शेवाळविरोधी रंग होडीच्या तळाला लावून ती इथे सोडू नका. ट्रेलरवरच्या होडीला तो लागतही नाही. परत आणताना ट्रान्सड्यूसरची जागा, तळ आणि ट्रेलर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच धरणात उतरवा.

तर या महिन्यात अल्ट्रासॉनिक वारामापक, एक डिस्प्ले किंवा जुना फोन, आणि आतून चिकटवायचा खोलीमापक एवढंच घ्या. विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमीत बसेल. उरलेल्या पैशांत दोन चांगली लाइफ जॅकेट आणि हातात धरायचा जलरोधक व्हीएचएफ. पहाटेच्या चार नॉटांच्या फेरीचे दोन्ही बाजूंचे आकडे आणि टॅकचे सहा जोडी कोन लिहून पाठवा. त्यावरून किती दुरुस्ती भरायची ते मी सांगतो.